आल्याचा आणि गुलाबफळांचा घरगुती चहा: नाशिकमध्ये पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आल्याला उकळी लागते, गुलाबाच्या फळाला ती सोसत नाही. हा चहा पहिल्यांदाच करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, अर्धं काम झालं म्हणून समजा. बहुतेक जण दोन्ही जिन्नस एकदमच पातेल्यात टाकतात, दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळतात आणि "काही विशेष लागत नाही" म्हणून पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. क्रम सांभाळला की तोच चहा तिखट, किंचित आंबट आणि घशाला ऊब देणारा होतो.

या चहात चहापत्ती नसते, दूधही नसतं. दुधाचं पुढे सांगतोच. आधी जिन्नस नीट ओळखून घेऊ, कारण आलं कुणालाही मिळतं, पण गुलाबफळांसाठी थोडं आधीपासून ठरवावं लागतं.

आलं कोणतं घ्यावं

भाजीवाल्याकडे हिवाळ्यात आलं दोन तऱ्हेचं दिसतं. नव्या आल्याची साल पातळ असते, नखानं सहज निघते. आत रस भरपूर, धागे जवळजवळ नाहीत आणि तिखटपणाही बेताचा. जुन्याची साल जाड, खाकी, मोडलं तर धागे लोंबतात आणि वास थेट नाकात जातो. लोणच्याला नवं छान, या चहाला मात्र जुनंच घ्या. आल्याची लावण आपल्याकडे साधारण एप्रिल-मेमध्ये होते आणि पीक आठ-नऊ महिन्यांत तयार होतं, त्यामुळे दिवाळीनंतर नवं आलं येऊ लागतं तेव्हा विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, "जुनं आहे का?" सातारी आलं म्हणून जे मिळतं ते चहाला उत्तम.

बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो तिथे मातीचं आलं मिळालं तर तेच आणा. धुऊन चकचकीत केलेलं आलं दिसायला बरं, पण ते लवकर मऊ पडतं. घेताना एक बोट मोडून बघा: कट्‌कन मोडलं पाहिजे. जिथे दोन बोटं जुळतात त्या खाचेत पांढुरकी बुरशी लपलेली असते, तिकडे नजर टाका. घरी आणल्यावर कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि आठवड्याभरात आलं चिकट होतं.

साल काढायला सुरी नको, चमच्याची कड पुरते. जुनं आलं चांगलं घासून धुतलं असेल तर या चहासाठी सालीसकट ठेचलं तरी चालतं. पण ठेचायचं, किसायचं नाही. किसलं की आल्यातली सत्त्वासारखी पांढरी भुकटी पाण्यात उतरते आणि चहा गढूळ, जरा दाट लागतो. खलबत्त्यात तीन-चार ठोके देऊन तंतू मोकळे झाले की बास.

ताज्या आल्याचा तिखटपणा त्यातल्या जिंजेरॉल नावाच्या घटकामुळे येतो. आलं वाळवलं की त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगाओल बनतं आणि ते जास्त झणझणीत असतं. म्हणून सुंठ वापरायची तर हात आखडता ठेवायचा: इंचभर ताज्या आल्याच्या जागी पाव चमचा सुंठपूड पुरे होते.

गुलाबाचं फळ म्हणजे नक्की काय

फुलाच्या पाकळ्या गळून गेल्यावर देठाच्या टोकाला जी हिरवी गाठ उरते ती हळूहळू फुगते, पिवळी, मग केशरी आणि शेवटी लाल होते. हेच गुलाबफळ. दुकानात रोझ हिप म्हणून मिळतं ते हेच, वाळवलेलं. गुलाब आणि सफरचंद एकाच कुळातले आहेत, त्यामुळे फळ बघितलं की बोराएवढं सफरचंदच वाटतं.

युरोपात डॉग रोझ नावाचा रानगुलाब कुंपणांवर आणि रानात सर्रास वाढतो आणि त्याची फळं शतकानुशतकं तोडून वापरली जातात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्र्या-मोसंब्यांची आयात आटली, तेव्हा तिथल्या सरकारनं शाळकरी मुलांपासून सगळ्यांना रानातली गुलाबफळं गोळा करायला लावली आणि त्यांचं सरबत लहान मुलांना क जीवनसत्त्वासाठी दिलं. तुर्कस्तानात आजही हा चहा रोजच्या पिण्यातला आहे. आपल्याकडे हिमालयात रानगुलाब आहेत.

नाशिकच्या डोंगरांवर मात्र ते शोधत हिंडू नका. चामर लेणी, रामशेज किंवा अंजनेरीच्या वाटेवर जे लाल, गोंडस दाणे दिसतात ते वेगळेच असतात आणि त्यातले काही जिवावर बेततील असे आहेत. गुंजेचा लाल-काळा दाणा अत्यंत विषारी आहे. घाणेरीची फळं, विशेषतः कच्ची, पोटाला त्रास देतात. पिवळ्या कण्हेरीचं फळ तर देवळाच्या आवारातच लटकलेलं असतं आणि त्याची बी हृदयावर घाला घालते. मुलांना बरोबर घेऊन फळं तोडायला जात असाल तर आधी हे तिन्ही दाखवून द्या आणि हात लावू नका म्हणून बजावा.

गुलाबफळाची खूण पक्की आहे. काटेरी फांदी, एका देठावर पाच किंवा सात पानं, पानांच्या कडा करवतीसारख्या, आणि फळाच्या टोकाला पाच वाळक्या हिरव्या पाकळ्यांची शेपटी किंवा ती गळून गेल्याची गोल खूण. फळ उभं कापलं की आत केसाळ बिया गच्च भरलेल्या असतात. यातली एक जरी खूण जुळली नाही तरी ते फळ टाकून द्या.

नाशिकमध्ये फळं मिळवायची कुठून

मोगल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत आणि गुलाब इथे आजही घरोघरी आहे. जुन्या वाड्यांच्या परसात, गंगापूर रोडच्या बंगल्यांच्या कुंपणावर, सोसायटीच्या बागेत, मळ्यातल्या घरापुढे. अडचण एवढीच की आपण फळ धरूच देत नाही. फूल कोमेजलं की माळी कात्री चालवतो, कारण तसं केलं की पुढची फुलं लवकर येतात. तेव्हा पहिलं काम हे: एखाद्या झाडाच्या दोन-चार फांद्या राखून ठेवा आणि त्यावरची सुकलेली फुलं कापू नका.

झाड निवडताना गावठी गुलाब घ्या किंवा कमी पाकळ्यांचा, मध्ये पिवळे पुंकेसर उघडे दिसणारा वेल. मधमाशी आत शिरू शकते अशा फुलाला फळ धरण्याची शक्यता जास्त. गच्च पाकळ्यांच्या मोठ्या संकरित गुलाबाला फळ क्वचितच धरतं, त्याच्यावर आशा ठेवून बसू नका.

वेळेचं गणित असं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे गुलाबाची छाटणी होते. दीड-दोन महिन्यांत फुलांचा बहर येतो. त्यातली फुलं तशीच ठेवली तर फळ पिकायला आणखी तीन-चार महिने लागतात, म्हणजे शिमग्याच्या आगेमागे तोडणीला येतात. या काळात ऊन चढू लागतं, तेव्हा झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नका, नाहीतर फळं लाल व्हायच्या आधीच सुरकुततात. पिकू लागली की पाखरांचा डोळा असतोच. राखलेल्या फांदीवर मलमलची पिशवी सैल बांधून ठेवली की निभावतं.

दुसऱ्याच्या कुंपणावरची फळं मागून घ्या, मागितल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण मागताना एक प्रश्न विचारायलाच हवा: "काकू, यावर काही फवारलंय का?" मावा आणि फुलकिडे गुलाबाला फार लागतात आणि लोक औषधाच्या दुकानातून आंतरप्रवाही कीटकनाशक आणून मारतात. असलं औषध झाडाच्या रसात भिनतं, वरून धुऊन जात नाही. फवारलेल्या झाडाची त्या हंगामातली फळं घेऊच नका.

याच कारणासाठी दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाउसमध्ये जो सुंदर गुलाब पिकतो तो चहाला चालत नाही. तो गुच्छासाठी वाढवलेला असतो आणि त्याची निगाही त्याच हिशेबानं राखलेली असते. हारवाल्याकडचा गुलाब, देवळातलं निर्माल्य, मुंबई-आग्रा महामार्गाच्या दुभाजकावरची झाडं, यांच्या पाकळ्याही नकोत आणि फळंही नकोत.

यातलं काहीच जमलं नाही तर वाळवलेली गुलाबफळं विकत आणा. पाकिटावर बिया काढलेली, तुकडे केलेली असं लिहिलेलं बघून घ्या. किंवा सरळ आवळकाठी वापरा. गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात ती मिळते, आंबटपणा तिच्यातही आहे आणि क जीवनसत्त्वासाठी तर आवळा नावाजलेलाच आहे. चव तुरट येईल, पण पहिल्या हिवाळ्यासाठी हा पर्याय मला फार प्रामाणिक वाटतो: फळ आपल्या मातीतलं आणि ओळखीचं.

फळ साफ करणं, सगळ्यात महत्त्वाचं काम

इथे घाई करू नका. फळ पूर्ण रंगलेलं असावं आणि दाबल्यावर किंचित नमावं. पार पिलपिलीत झालेलं वाळवताना कुजतं.

फळं धुऊन, पुसून ओट्यावर घ्या. दोन्ही टोकं उडवा, मग उभा छेद द्या. आत फिकट पिवळ्या, टणक बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि त्यांच्या भोवती रेशमासारखी बारीक लव असते. उजेडात धरलं तर ती चमकते. दिसायला मऊ, पण हीच लव घशात किंवा आतड्यात गेली तर टोचते, खाजवते. युरोपातल्या मुलांमध्ये खोडी काढायला दुसऱ्याच्या सदऱ्यात हीच टाकायची पद्धत होती, म्हणजे आपल्या खाजकुयलीचं काम. लहान चमच्याच्या दांड्यानं सगळ्या बिया आणि लव उकरून काढा, मग फोड नळाखाली धरून अंगठ्यानं आतून पुसा. बोटांना चुरचुर होत असेल तर हातमोजे घाला आणि ते हात डोळ्यांना लावू नका.

फळं अगदी बारीक असतील तर कापत बसण्यात अर्थ नाही. ती अख्खीच वाळवा, नंतर खलबत्त्यात भरड कुटा आणि स्टीलच्या चाळणीत हलवा. सुटलेली लव खाली पडते. चाळणी दोनदा-तीनदा हलवा, आणि हे काम पंख्याखाली करू नका.

साफ फोडी सुती फडक्यावर एकेरी पसरा आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. मार्चमधली नाशिकची हवा कोरडी असते, चार ते सात दिवसांत फोडी वाळतात. कडक उन्हात लवकर वाळतील, पण रंग उडतो आणि क जीवनसत्त्वही जास्त घटतं. फोड वाकवली तर मोडली पाहिजे, नुसती दुमडत असेल तर अजून ओल आहे. काचेच्या बरणीत भरून, वर तारीख चिकटवून, अंधाऱ्या कपाटात ठेवा. वर्षभर चांगली राहतात. पावसाळ्यात बरणी उघडून ठेवलीत तर मात्र आठवड्यात ओलावतील. म्हणून आषाढ-श्रावणात एका लहान डबीत थोडी काढून घ्या आणि मोठी बरणी बंदच राहू द्या.

चहा करायची रीत

दोन मोठ्या कपांसाठी अर्धा लिटर पाणी, दीड इंच जुनं आलं, दोन मोठे चमचे वाळवलेल्या गुलाबफळांची भरड. गवती चहा असेल तर दोन पाती. ताजी फळं असतील तर दुप्पट घ्या. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांब्याच्या, बिनकल्हईच्या पितळी किंवा अॅल्युमिनिअमच्या भांड्यात आंबट पदार्थ उकळू नये, हा नियम इथेही लागू.

१. पाण्याला आधण येऊ द्या. ठेचलेलं आलं टाका, गॅस अगदी मंद करा आणि झाकण ठेवून आठ ते दहा मिनिटं ठेवा. आल्याचा सुगंध वाफेबरोबर उडतो, म्हणून झाकण हवंच.

२. गवती चहाची पाती हातात चुरगाळून किंवा कात्रीनं कापून शेवटच्या दोन मिनिटांत घाला. पात्याची कड धारदार असते, ओढून तोडू नका. जास्त उकळली तर त्याचा लिंबासारखा वास जातो आणि गवताळ चव उरते.

३. गॅस बंद करा. उकळी पूर्ण बसेपर्यंत एखाद-दोन मिनिटं थांबा.

४. आता गुलाबफळांची भरड घाला, ढवळा, झाकण लावा आणि बारा ते पंधरा मिनिटं हात लावू नका. क जीवनसत्त्व पाण्यात सहज उतरतं आणि उष्णतेनं घटत जातं, त्यामुळे उकळण्यापेक्षा मुरवण्यानं ते जास्त हाती लागतं. आंबटपणाही असाच गोलसर येतो.

५. आधी चहाच्या गाळणीनं आणि मग दुहेरी मलमलीतून गाळा. दुसरं गाळणं कधीही टाळू नका, चुकून राहिलेली लव तिथेच अडकते.

६. गार वाटला तर नुसता कोमट होईल इतका तापवा. गूळ घालायचा तर आता. मध घालणाऱ्यांनी कप ओठाला सोसेल इतका निवू द्यावा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध कशातूनही देऊ नये.

रंग फिकट केशरी-पिवळा येतो. विकतच्या पाकिटातला चहा लालभडक होतो कारण त्यात बहुधा लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं मिसळलेली असतात. तुम्हालाही तसा रंग आवडत असेल तर चौथ्या पायरीला अंबाडीचं एखादं बोंड टाका, पण मग चहा चांगलाच आंबट होतो आणि गूळ वाढवावा लागतो.

दूध घालू नका. गुलाबफळाच्या आंबटपणानं ते फाटतं. कच्च्या आल्यातही दूध फाडणारं एक विकर असतं, म्हणून तर नेहमीच्या चहात आलं आधी पाण्यात उकळून मग दूध ओतायची रीत आहे.

पहिल्या दिवशी दोन्ही जिन्नसांचे वेगवेगळे कप करून बघा: एकात नुसतं उकळलेलं आलं, दुसऱ्यात नुसती मुरवलेली फळं. दोन्हींची चव जिभेला कळली की प्रमाण तुमचं तुम्हाला ठरवता येतं. आमच्याकडे जानेवारीत, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा, आलं दोन इंचांवर जातं. होळीनंतर ते अर्ध्यावर येतं आणि तोच चहा गार करून, लिंबू न पिळता, दुपारी घेतला जातो. तुळशीची पानं, दोन मिरी, ज्येष्ठमधाची काडी असं काहीही वाढवता येईल, फक्त एका वेळी एकच वाढवा. सगळं एकदम घातलं की त्याचा काढा होतो आणि गुलाबफळ हरवून जातं.

कुणी जपून घ्यावा

हा पिण्याचा चहा आहे. सर्दीत बरं वाटतं, घसा शेकला जातो, पण ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरकडे जायचंच. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा गरोदरपण असेल तर आल्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. मूतखड्याची खोड असलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या जोडीला हा चहा रोज पिऊ नये. ज्यांना आलं उष्ण पडतं, छातीत जळजळतं, त्यांनी रिकाम्या पोटी न घेता नाश्त्यानंतर घ्यावा आणि आलं अर्धा इंचच ठेवावं. दिवसाला एक-दोन कप कुणालाही पुरे.

उरलेलं आणि बिया

गाळलेला चहा फ्रिजमध्ये झाकून एक दिवस राहतो, त्यापुढे ठेवू नका. गाळणीतली फळांची भरड पुन्हा एकदा गरम पाण्यात मुरवता येते, दुसरा कप सौम्य होतो. आल्याचा चोथा मात्र कुंडीतच जाऊ द्या.

साफ करताना काढलेल्या बिया फेकायच्या आधी विचार करा. धुऊन लव काढली, ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घातली आणि दीड-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवली तर त्यातल्या काही रुजतात. थंडीचा तो काळ गेल्याशिवाय गुलाबाचं बी सहसा जागं होत नाही. फडकं सुकू देऊ नका आणि बुरशी आली तर बदला. उगवलेलं झाड आईसारखंच निघेल असं नाही, रंग, पाकळ्या सगळं वेगळं येऊ शकतं. पण बियांतून आलेल्या रोपांतलं एखादं साध्या, उघड्या फुलाचं निघालं तर ते जपा. चहाच्या फळांसाठी तसलंच झाड हवं असतं.